कुंपणावरून उडी मारली, पुढं काय? ‘डेड एंड ड्राइव्ह-इन’ आणि सोलापूरची सेटलमेंट

(या भागातलं बोलणं लिहून काढलंय. वाचताना अडखळू नये म्हणून थोडंफार नीट केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

टेंभुर्णीहून बोलतोय. पुण्यातून गावी आलो की रेकॉर्डिंग उरकून घेतो. त्यामुळं मागं ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, पुणे-सोलापूर हायवे घरापासून फार लांब नाही.

या मालिकेत आपण कमी पैशात काढलेले, थिएटरात आपटलेले, पण एकदा बघितले की डोक्यातून न जाणारे सिनेमे घेतो. आजचा सिनेमा ऑस्ट्रेलियाचा आहे. नाव ‘डेड एंड ड्राइव्ह-इन’, साल १९८६, दिग्दर्शक ब्रायन ट्रेंचर्ड-स्मिथ. गोष्ट उद्याच्या बिघडलेल्या जगातली, हाणामारी भरपूर, गाड्यांची मोडतोड त्याहून भरपूर. पण आज मी नुसत्या सिनेमावर थांबणार नाही. या सिनेमात जे ‘भविष्य’ म्हणून दाखवलंय, ते आपल्या सोलापुरात कायद्यानं चालू होतं. आपल्या पणजोबांच्या, आजोबांच्या काळात. तिथपर्यंत जायचंय.

शेवटासकट गोष्ट सांगणार आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथं थांबा, बघून या.

तर, ड्राइव्ह-इन म्हणजे काय? मोकळं मैदान, एका टोकाला भला मोठा पडदा, आणि लोक आपापल्या गाडीत बसून सिनेमा बघणार. आपल्याकडं जत्रेत तंबू टॉकीज यायची तशातलाच प्रकार समजा, फक्त मातीत बसायच्या ऐवजी गाडीत.

सिनेमातल्या जगात अर्थव्यवस्था कोसळलेली आहे. नोकऱ्या नाहीत. रस्त्यावर टोळ्या फिरतात, अपघात झालेल्या गाड्यांचे पार्ट चोरतात. आपला हिरो जिमी, टोपणनाव क्रॅब्ज. अंगानं किरकोळ, स्वप्नं मोठी. भावाची जीवापाड जपलेली १९५६ ची शेवरले न विचारता घेतो आणि मैत्रीण कार्मेनला घेऊन ‘स्टार ड्राइव्ह-इन’ला जातो. तिथं बेकारांना तिकिटात सवलत आहे. पैसे वाचतील म्हणून हा बेकारांचं तिकीट घेतो. सापळा तिथंच आहे बघा. आत गेल्यावर दोघं गाडीत असताना गाडीची मागची चाकं गायब होतात. क्रॅब्ज बाहेर येऊन बघतो, तर चाकं चोरून नेणारे चक्क पोलीस.

सकाळ होते. उजेडात दिसतं की मैदानभर अशाच चाकं नसलेल्या गाड्या आहेत आणि त्यात पोरं राहतायत. गाड्यांना पडदे लावलेत, चुली मांडल्यात, रंगवारंगवी केलीय. भोवती कुंपण, कुंपणात वीज. बाहेरच्या रस्त्यावर पायी चालायला कायद्यानं बंदी. मॅनेजर थॉम्पसन म्हणजे अगदी गोड माणूस. तो एक फॉर्म भरून घेतो आणि जेवणाची कुपनं देतो. कॅन्टीनमध्ये बर्गर मिळतो, रात्री सिनेमा असतो, नशापाणीही चालतं. सरकारनं रिकामटेकड्या पोरांची सोय केलीय, एवढंच.

गंमत म्हणजे बहुतेकांना बाहेर जायचंच नाही. बाहेर काम नाही, इथं खायला मिळतंय, सोबत आहे. कार्मेनसुद्धा चार दिवसांत रुळते. एकटा क्रॅब्ज चाकं शोधत फिरतो, पेट्रोल जमवतो, कुंपण तपासतो. बाकीचे त्याच्याकडं ‘याला काय झालंय?’ म्हणून बघतात.

मग एक दिवस ट्रक भरभरून आशियाई माणसं आत आणून सोडली जातात. आणि कालपर्यंत एकमेकांशी भांडणारी गोरी पोरं एका रात्रीत एक होतात. सभा घेतात. ‘हे लोक आपल्या जागेत कशाला?’ ज्या जागेत स्वतःला डांबून ठेवलंय, ती आता ‘आपली जागा’ झालेली असते. क्रॅब्ज कार्मेनला सांगून बघतो की हे आपल्यासारखेच कैदी आहेत, पण तिला पटत नाही.

सगळे सभेत असताना क्रॅब्ज निसटायला बघतो. पाठलाग होतो, गोळीबार होतो, आणि शेवटी तो एक ट्रक उतारावरून उडवून, कुंपणाच्या आणि पाटीच्या वरून थेट बाहेरच्या रस्त्यावर टाकतो. ती उडी खरी आहे हं. संगणकावर केलेली नाही. गाय नॉरिस नावाच्या स्टंटमननं ती मारली, दीडशे फुटांहून लांब. हाच माणूस पुढं ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’चा स्टंट प्रमुख होता. सिनेमाच्या एकूण बजेटच्या मानानं त्या एका उडीवर भरपूर खर्च झाला. ऑस्ट्रेलियात सिनेमा चालला नाही तो नाहीच. पुढं व्हिडिओ कॅसेटवर आणि क्वेंटिन टॅरँटिनोसारख्या चाहत्यांमुळं तो तगून राहिला.

आता मला हा सिनेमा का आवडतो? कारण याला पैसा नव्हता. पैसा असता तर भविष्य दाखवायला उंच इमारती आणि उडत्या गाड्या आणल्या असत्या. नव्हता म्हणून त्यांनी सिडनीतलं एक खरंखुरं ड्राइव्ह-इन घेतलं, आणि माणसांना कोंडायला किमान काय-काय लागतं याची यादी केली. एक तिकीट, एक फॉर्म, एक कुंपण. जेवणाची कुपनं. बाहेर न जाण्याचा एखादा नियम. आणि आतल्या लोकांनी ज्यांच्याकडं बोट दाखवावं असे दुसरे कुणीतरी. एवढ्यात काम भागतं.

ही यादी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला सोलापूरचा एक पत्ता आठवला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’.

सोलापूरकरांना हे नाव नवीन नाही. रिक्षावाल्याला सांगा, नेऊन सोडेल. पण ‘सेटलमेंट’ म्हणजे काय आणि ‘फ्री’ म्हणजे कशातून फ्री, हे माझ्या बरोबरच्या पोरांना विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. शाळेत आम्हाला सोलापूरच्या मार्शल लॉचा इतिहास होता, चार हुतात्म्यांचा होता. याचा नव्हता.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडं लागू होता. १९११ च्या कायद्यानं तो देशभर लावायची सोय झाली, मुंबई इलाखाही त्यात आला. १९२४ मध्ये सगळं एकत्र करून पुन्हा कायदा झाला. कल्पना अशी की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार असतात. आपल्याकडं सुताराचा पोरगा सुतार होतो, तसा चोराचा पोरगा चोर होणार, असा त्यामागचा हिशेब. सरकारला ‘वाटलं’ की अमुक जमात सराईतपणे गुन्हे करते, की अधिसूचना काढायची. झालं, त्या जमातीतला प्रत्येक जण नोंदणीला पात्र. त्यानं स्वतः काही केलंय का, हा प्रश्नच नाही. आणि त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान द्यायचीही सोय नाही, असं कलमच होतं.

नोंदणी झाली की बोटांचे ठसे. ठरलेल्या वेळी हजेरी. गाव सोडायचं तर पास. हद्दीबाहेर सापडला तर वॉरंटशिवाय अटक, आणि ती करायला पोलीसच लागायचा असं नाही. गावचा पाटील किंवा जागल्यासुद्धा धरू शकायचा.

या कायद्यात एक कलम वसाहतींचं होतं. पूर्ण जमातीला उचलून एका ठिकाणी ठेवायचं. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं विजापूरपासून ही व्यवस्था उभी केली. सोलापूरला अशी मोठी वसाहत झाली. काही काळ ती अमेरिकन मराठी मिशन चालवत होतं. कैकाडी, पारधी, टकारी-भामटा, मांग गारुडी अशा जमातींची माणसं काटेरी तारेच्या आत. ज्यांची वागणूक ‘सुधारली’ असं अधिकाऱ्यांना वाटलं, त्यांना तारेबाहेरच्या वस्तीत राहायची परवानगी. ती फ्री कॉलनी. आज पोस्टमन जो पत्ता वाचतो ना, तो असा तयार झालाय.

आणि आता ‘तरुण’ या शब्दाकडं बघा, कारण आपला सिनेमा तरुण पोरांचा आहे. १९२४ च्या कायद्यात मुलांसाठी वेगळं कलम होतं. सहा ते अठरा वयाच्या मुलांना आई-बापांपासून तोडून सरकारी शाळेत ठेवायचा अधिकार सरकारला होता. उद्देश काय सांगितला, तर आई-बापांचे संस्कार लागू नयेत. सहा वर्षांचं पोर म्हणजे आत्ताची पहिलीतली मुलं. क्रॅब्जनं निदान तिकीट तरी काढलं होतं हो!

इथं सिनेमा आणि सोलापूर यांतला एक मोठा फरक सांगायला पाहिजे. सिनेमातली पोरं दिवसभर काहीच करत नाहीत. सरकारला ती नकोच आहेत, म्हणून कोंडलीत. सोलापुरात असं नव्हतं. सोलापूर गिरण्यांचं गाव. भोंगा वाजला की शहर उठायचं. गिरण्यांना माणसं हवी होती, रोज वेळेवर येणारी, सोडून न जाणारी. आणि शेजारी तारेच्या आत हजेरी देणारी माणसं होती, ज्यांना पासशिवाय कुठं जाताच येत नव्हतं. वसाहतीतली बाया-माणसं गिरणीत कामाला जायची आणि परत तारेच्या आत यायची. म्हणजे ज्यांना समाज ‘आळशी, चोर, कामाचा कंटाळा’ म्हणायचा, त्यांच्या अंगमेहनतीवर सोलापुरी चादरीच्या या गावातल्या गिरण्यांचे कितीतरी साचे फिरत होते. सिनेमाला हे सुचलं नाही. मला वाटतं, हे सुचायला गिरणीच्या गावचं असावं लागतं.

माझे आजोबा काही वर्षं सोलापूरला मिलमध्ये होते. आता ते नाहीत, पण आजी आहे. हा भाग करायच्या आधी तिच्याशी बोललो. ते बोलणं तिला विचारून सांगतोय.

मी म्हणलं, “आजी, आपल्याकडं रानात पारध्यांची पालं पडायची का गं?”

“पडायची की. ऊस तुटायच्या टायमाला पडायची. मग आमी दाराला आतनं कडी घालायचो. कोंबड्या घरात घ्यायचो.”

“का?”

“का म्हंजी? चोऱ्या करत्यात ती.”

“तुझं काय गेलं का कधी?”

ती थांबली. आठवत राहिली जरा वेळ. “न्हाई बा. आपलं कायच न्हाई गेलं. उलट एकदा वासरू हरवलं तर त्यांच्यातल्याच एका पोरानं आणून बांधलं.”

“मग कडी का घालायची?”

“म्हणत्यात ना लोक.”

माझी आजी वाईट बाई नाही. पालावरच्या बाईला तिनं भाकरी दिलेली मी बघितलीय. पण ‘म्हणत्यात ना’ हे शब्द ऐका. १८७१ साली सरकारनं जे कागदावर लिहिलं, ते कागद रद्द होऊन सत्तर वर्षं झाल्यावरही माढा तालुक्यातल्या एका म्हातारीच्या दाराची कडी बनून राहिलंय. आणि तिनं तो कायदा कधी वाचलेला नाही.

हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. भटक्या-विमुक्तांची माणसं म्हणतात, आमचं स्वातंत्र्य पाच वर्षं उशिरा आलं, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. तारखेचा साधा हिशेब आहे.

सिनेमा असता तर इथं संपला असता. तार तुटली, माणसं बाहेर, संगीत सुरू. ‘डेड एंड ड्राइव्ह-इन’ तसाच संपतो. ट्रक हवेत उडतो, रस्त्यावर पडतो, क्रॅब्ज मोकळा. आपणही शिट्टी मारतो. पण तो जाणार कुठं? बाहेर तेच जग आहे. नोकरी नाही, पोलीस तेच, आणि त्याचं नाव थॉम्पसनच्या फॉर्मवर आहेच.

हा सिनेमा पीटर केरी या लेखकाच्या ‘क्रॅब्ज’ नावाच्या कथेवर आहे. केरी म्हणजे पुढं दोनदा बुकर मिळालेला लेखक. त्याच्या कथेत शेवट वेगळा आहे. तिथंही क्रॅब्ज बाहेर पडतो, पण बाहेर त्याला काहीच सापडत नाही. लांब कुठं उजेड दिसतो म्हणून जातो, तर पुन्हा त्याच ड्राइव्ह-इनच्या कुंपणापाशी येतो. या वेळी बाहेरच्या बाजूला. सिनेमावाल्यांनी हा शेवट टाकला आणि उडी घेतली. धंद्याच्या दृष्टीनं बरोबर केलं. पण आपल्या जिल्ह्यात जे घडलं ते कथेच्या जास्त जवळ आहे.

१९५२ नंतर काय झालं? ‘गुन्हेगार जमाती’ हा शब्द गेला, ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द आला. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगार कायदा झाला. कागदावर फरक आहे, मोठा आहे. आता जन्मावरून नाही, स्वतःला शिक्षा झालेल्या माणसावरून नोंद. पण ठाण्यातली जुनी सवय कागद बदलून बदलत नाही. चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर जीप जायची, हे ठरलेलं. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचा. १९८७ चं पुस्तक आहे, १९८८ साली साहित्य अकादमी मिळाली त्याला. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ वाचा, ते १९८० चं. दोघंही कायदा रद्द झाल्यानंतरच्या पिढीचं आयुष्य सांगतायत.

आणि हे काही ऐंशीच्या दशकात संपलेलं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. सुकन्या शांता या पत्रकारबाईंनी याचिका केली होती. वेगवेगळ्या राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून कामं वाटायची कलमं होती, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार धरायची भाषा होती. कोर्टानं ती कलमं घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, हेही सांगितलं. २०२४, मंडळी. तेव्हा आपण ‘एआय आपल्या नोकऱ्या खाणार का’ यावर रील बघत होतो.

आता जरा माझ्या कामाकडं येतो, कारण हे सगळं मला फक्त इतिहास म्हणून भिडलेलं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. बीटेक झालो, पुण्यात नोकरी लागली. आमच्या कामाचा एक भाग असा की कुणाला नोकरीवर घ्यायच्या आधी त्याची पडताळणी करायची. पत्ता, शिक्षण, आधीची नोकरी. एका क्लायंटला, नाव घेत नाही, एक नियम हवा होता. ठराविक भागातले पत्ते आले की त्या अर्जाला लाल खूण करायची, म्हणजे जास्त तपासणी. गोदामात माल उचलायच्या कामासाठीची पोरं होती ही, विशीतली. कुठले भाग, तर त्यांनी एक यादी पाठवली. यादी कुणी केली, कशावरून केली, काही नाही. ‘आमचा अनुभव’ एवढंच.

मी मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारला. “या यादीतून एखाद्याचं नाव कमी कसं होणार?” म्हणजे एखादा पोरगा तिथं राहतो, दोन वर्षं नीट काम केलं, मग तरी त्याची लाल खूण जाणार का? कशी? कुठलं बटण दाबायचं?

शांतता. त्याचा विचारच झालेला नव्हता. यादीत नाव घालायचा स्क्रीन होता, काढायचा नव्हता. एकजण म्हणाला, “तशी रिक्वायरमेंट नाही.” नंतर तो नियम त्या रूपात गेला नाही. पण काही महिन्यांनी ‘माणसाकडून तपासणी’ असं साधं नाव घेऊन त्यातला अर्धा परत आला. मी अजूनही तो प्रश्न विचारतो. आमच्यात आता त्यावरून माझी चेष्टाही होते.

१८७१ च्या कायद्याकडं मी इंजिनिअर म्हणून बघतो तेव्हा मला तेच दिसतं. नोंद करायची पद्धत एकदम चोख. ठसे, हजेरी, पास, वही. नाव काढायची पद्धत कुठली, तर साहेबाची मर्जी. आणि नोंद झाल्यावर बाकी सगळं आपोआप चालतं. कुणालाही रोज उठून वाईट वागावं लागत नाही. मिशनमधले लोक शाळा काढतात, दवाखाना चालवतात, मनापासून. गिरणीचा मुकादम हजेरी घेतो. जागल्या आपलं काम करतो. थॉम्पसन हसत हसत कुपनं वाटतो. माझी आजी कडी लावते. सिनेमात मला सगळ्यात खरं वाटलेलं पात्र हे थॉम्पसनचंच आहे. त्याला कुणाचा राग नाही. त्याच्याकडं फॉर्म आहेत.

उलटी बाजूही बघा. आज महाराष्ट्रात विमुक्त जातींची यादी आहे, चौदा जमातींची. ही यादी मदतीची आहे, शिक्षणात, नोकरीत जागा मिळाव्या म्हणून. या यादीत यायला जातीचा दाखला लागतो. दाखल्याला १९६१ च्या आधीपासूनचा महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा मागतात. ज्यांना गावात थांबू दिलं नाही, ज्यांचं पाल दर हंगामाला हलत राहिलं, त्यांच्याकडं १९६१ चा कागद कुठून येणार? डांबायचं होतं तेव्हा याच सरकारी व्यवस्थेनं प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेतले, रोजची हजेरी मांडली. द्यायची वेळ आली तेव्हा विचारतात, तुम्ही आहात याला पुरावा काय? आपल्या सोलापूरचे बाळकृष्ण रेणके भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, २००८ ला त्यांनी अहवाल दिला. नंतर भिकू इदाते यांचा आयोग झाला. अहवाल आहेत. कागद पुन्हा कागदालाच मिळाले.

म्हणून मला वाटतं, या विषयावरचा आपला सिनेमा उडी मारून संपत नाही, आणि तो इथंच, आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या माणसानं काढलाय. नागराज मंजुळे जेऊरचे. ‘फँड्री’ २०१४ ला थिएटरात आला, कमी पैशातला, नवख्या पोरांना घेऊन. जब्या कैकाड्याचा पोरगा. त्याच्याभोवती तार नाही, वीज नाही. शाळा आहे, गाव आहे, सगळं मोकळं आहे. आणि तरी भर गावासमोर, वर्गातल्या पोरांसमोर त्याला डुक्कर धरायला पळावं लागतं. बघे हसतात, तेच कुंपण. शेवटी तो उडी मारत नाही, दगड मारतो, आणि तो दगड आपल्याकडं येतो. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये तर मंजुळेंनी सरळ भिंतच दाखवली. एका बाजूला कॉलेज, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी. आणि तिथल्या पोरांना खेळायला परदेशी जायची वेळ येते तेव्हा अडतं कशावर? पासपोर्टवर. एकाची पोलीस केस, एकीकडं ओळखीचा कागदच नाही. भिंत ओलांडता येते हो, फॉर्म ओलांडता येत नाही. हे सांगायला मंजुळेंना भविष्यकाळात जावं लागलं नाही.

कुणी म्हणेल, मग ‘डेड एंड ड्राइव्ह-इन’ कशाला बघायचा? बघायचा. एक तर मजा येते, गाड्या उडतात, रंग भडक आहेत, संगीत फक्कड आहे. आणि दुसरं म्हणजे जवळच्या गोष्टी कधीकधी लांबून नीट दिसतात. सोलापूरची सेटलमेंट म्हणलं की आपल्या डोक्यात आधी जात येते, मग ‘म्हणत्यात ना’ येतं. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या पोरांना कोंडलेलं बघताना ते आड येत नाही. आपण सरळ क्रॅब्जच्या बाजूनं बसतो. दीड तास त्याच्या बाजूनं बसलात ना, तर मग सिनेमा संपल्यावर एक करा. त्याच्या जागी पासशिवाय गिरणीच्या पुढं न जाता येणारं विशीतलं पोरगं ठेवा. सहा वर्षांची ती मुलं ठेवा. गोष्ट तीच राहते, फक्त आता तुम्ही शिट्टी मारत नाही.

आणि सभेचा तो प्रसंग लक्ष देऊन बघा, नवी माणसं आल्यावरचा. आतले लोक बाहेर पडायचं विसरून ‘हे कोण आलेत’ यावर पेटतात. आपल्याकडं ऊसतोडीला बाहेरची टोळी आली, एमआयडीसीत परराज्यातली पोरं आली, की चौकात चहाच्या गाड्यावर जे बोलणं चालतं ते आठवेल. मला आठवलं. कामाचा दर कुणी पाडला, कंत्राट कुणाचं, हे कुणी बोलत नाही. फक्त ‘ही लोकं’ एवढं बोलतात.

सोलापूरला राहणाऱ्या श्रोत्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, ओळखीत सेटलमेंटमध्ये वाढलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याशी बोला. त्यांची तयारी असेल तरच, आणि सांगतील तेवढंच रेकॉर्ड करून ठेवा. हजेरी कशी व्हायची, पास कसा दिसायचा, तार निघाली त्या दिवशी घरात काय झालं. साहेबांच्या वह्या दप्तरात राहतील. या माणसांचं बोलणं त्यांच्याबरोबर जाईल, आणि ती आता नव्वदीला आली आहेत.

आणि माझ्यासारखे कोड लिहिणारे जे ऐकतायत त्यांना एवढंच सांगतो. उद्या तुमच्याकडं कुठलीही यादी आली, माणसांची, पत्त्यांची, चेहऱ्यांची, तर नाव घालायच्या आधी नाव काढायचा रस्ता विचारा. उत्तर ‘तशी रिक्वायरमेंट नाही’ असं आलं, तर ती रिक्वायरमेंट तुम्हीच लिहा.

पुढच्या भागात जरा हलकं काहीतरी घेऊ. भुतांचा सिनेमा आहे, तोही स्वस्तातला. काळजी घ्या. येतो.